न पाहता घेतलेली जुनी राजदूत : पहिल्या किकेपूर्वीची कामे

राजदूत १७५ ही मोटारसायकल एस्कॉर्ट्स कंपनीने १९६०च्या दशकात पोलंडच्या एसएचएल गाडीच्या आराखड्यावरून भारतात बनवायला घेतली. १७३ सीसीचे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, जाड पत्रा आणि कुठल्याही गावच्या मिस्तरीला उमजेल अशी रचना. १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे राजदूतचीच एक छोटी आवृत्ती शहरी पोरांत गाजली, पण आपल्या बीड जिल्ह्यात राजदूत ओळखली गेली ती कामामुळे. दुधाचे कॅन, खताची पोती आणि मागे बसलेली दोन माणसे घेऊन तिने आष्टी-पाटोद्याचे माळ आणि गेवराई-माजलगावची काळी रानं तुडवली.

आज त्याच गाड्या गोठ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, बाभळीखाली उभ्या आहेत. फोनवर चार फोटो येतात, भाव ठरतो आणि गाडी टेम्पोतून दारात उतरते. आपणही अशी गाडी घेतली असेल किंवा घेणार असाल, तर हा लेख आपल्यासाठी आहे. गाडी यझदी किंवा जावा असली तरी बहुतेक टप्पे हेच राहतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. अशा गाडीचे सगळ्यात जास्त नुकसान होते ते दारात उतरल्यानंतरच्या पहिल्या तासात. माणसे जमतात, कुणीतरी टाकीत पेट्रोल ओतते आणि जो तो किक मारून पाहतो. वीस वर्षे बंद राहिलेले इंजिन त्या तासात कायमचे बिघडू शकते. म्हणून किक सगळ्यात शेवटी. त्याआधीची कामे क्रमाने पाहू.

पहिला टप्पा : पैसे देण्याआधी कागद

गाडी पाहता येत नसेल, तर निदान नंबर पाहून घ्यावेत. चेसिस नंबर (सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक) आणि इंजिन नंबर यांचा जवळून काढलेला व्हिडिओ मागवावा. चेसिस नंबर बहुधा हँडलच्या मानेपाशी असतो. हे दोन्ही नंबर आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. नंबरभोवतीचा पत्रा घासलेला दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

गाडी आपल्या नावावर होण्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० लागतात. त्यावर विकणाऱ्याच्या सह्या हव्यात. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल, तर तिथल्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते.

इथे एक अडचण वारंवार येते. गाडी विकतो नातू, पण आरसी बुकावर नाव असते वारलेल्या आजोबांचे. अशा वेळी आधी वारसाच्या नावे नोंद व्हावी लागते आणि त्यासाठी नमुना ३१ असतो. हे काम विकणाऱ्यानेच करून द्यावे, असे आधीच ठरवून घ्यावे.

तीन अक्षरांच्या जुन्या नंबरांची नोंद कधी कधी संगणकावर चढलेलीच नसते. ती चढवून घेण्याला ‘बॅकलॉग’ म्हणतात. बीडच्या परिवहन कार्यालयाची मालिका एमएच २३ आणि अंबाजोगाईची एमएच ४४. आपला तालुका ज्या कार्यालयाकडे येतो, तिथे आरसी बुकाची प्रत नेऊन आधीच विचारावे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे नमुना २५ भरून, गाडी दाखवून, दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या गाडीसाठी २०२१पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची वेगळी सोय आहे. मात्र तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोज रानात किंवा बाजाराला जायचे असेल, तर साधे नूतनीकरणच योग्य.

दुसरा टप्पा : दारात उतरल्यावर

गाडी उतरली की आधी फोटो काढावेत. चारही बाजूंनी, मग प्रत्येक वायर, केबल आणि नटबोल्ट जवळून. पुढे भाग सुटे झाले की कुठली वायर कुठून गेली होती, हे या फोटोंवरूनच कळते.

मग एका वहीत यादी करावी : काय आहे, काय नाही, काय दुसऱ्या गाडीचे बसवले आहे. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी इथे उघड होतात. कार्बोरेटर भलत्याच गाडीचा असतो किंवा सायलेन्सरची आतली जाळी गायब असते.

सुटे भाग मागवताना ‘राजदूत’ एवढेच सांगू नये. १९८३ साली आलेली राजदूत ३५० ही दोन सिलिंडरची निराळीच गाडी आहे. १७५मध्येही मॉडेल बदलत गेले. जुना भाग हातात ठेवून किंवा त्याचा फोटो पाठवूनच नवा घ्यावा. संभाजीनगरच्या जुन्या दुकानांत, पुण्याच्या नाना पेठेत आणि दिल्लीच्या करोलबागेत चौकशी करता येते.

तिसरा टप्पा : आधी कोरडी सफाई

पाण्याचा पाइप लगेच उघडू नये. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे गंज कोकणापेक्षा कमी, पण काळ्या मातीची बारीक धूळ सगळीकडे शिरते. तिच्यावर पाणी पडले की चिखल होऊन ती फटींत बसते. आधी मऊ ब्रशने धूळ झाडावी.

सायलेन्सरचे तोंड, एअर फिल्टरचा डबा आणि सीटखालची जागा टॉर्च लावून पाहावी. उंदराची घरटी, कुंभारीण माशीने केलेली मातीची घरे इथे हमखास सापडतात. तोंडाला फडके बांधावे आणि हातमोजे घालावेत. अशा घरट्यात विंचूही असू शकतो.

गाडी गोठ्यात किंवा खताच्या पोत्यांशेजारी उभी होती का, हे विक्रेत्याला जरूर विचारावे. गुरांचे मूत्र आणि खतातील क्षार लोखंड व ॲल्युमिनियम दोन्ही खातात. अशा गाडीच्या चाकाच्या तारा, रिमची आतली बाजू आणि मडगार्डची खालची कड स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच टोचून पाहावी. पत्रा आत गेला, तर वरचा रंग फसवा आहे.

ग्रीस आणि तेलाचा थर काढायला रॉकेल आता सहज मिळत नाही. डिझेल आणि ब्रश चालतो. नंतर कार्बोरेटरचे तोंड, सायलेन्सर आणि प्लगची जागा प्लास्टिकने बांधून शांपूच्या पाण्याने धुवावे. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्यावर गाडी धरू नये, कारण ते पाणी बेअरिंग आणि ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते. बोअरचे पाणी जड असेल, तर शेवटचा हात जारच्या पाण्याचा द्यावा, म्हणजे पांढरे डाग उरत नाहीत.

चौथा टप्पा : इंजिन फिरते का?

प्लग काढावा. त्या भोकातून टॉर्चने आत पाहावे. पिस्टनचा माथा काळा असेल तर ठीक. तांबूस पूड दिसली, तर आत पाणी गेले आहे.

पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यावरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत लोखंडाची. वर्षानुवर्षे एकाच जागी राहून रिंगा भिंतीला गंजाने चिकटतात. यालाच आपण ‘इंजिन जाम’ म्हणतो.

प्लगच्या भोकातून थोडे टू-टी तेल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) आणि डिझेल मिसळून ओतावे आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. मग प्लग न बसवता, वरचा गिअर टाकून, मागचे चाक हाताने हलकेच पुढे-मागे झुलवावे. केसाएवढी हालचाल झाली तरी काम होत आहे. पुन्हा तेल घालून दुसऱ्या दिवशी झुलवावे.

सुरुवातीला सांगितलेले नुकसान होते ते इथेच. जाम इंजिनाच्या किकेवर उडी मारली की किकेच्या शाफ्टचे दाते तुटतात किंवा रिंग मोडून सिलिंडरला चर पाडते. चाकाने फिरत नसेल, तर हेड, म्हणजे सिलिंडरचे वरचे झाकण, उघडावे. किक वापरू नये.

सिलिंडरला चर पडलेच असतील, तर बोअर करावे लागते, म्हणजे लेथवर सिलिंडर किंचित मोठा करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवावा लागतो. आधी पिस्टन मिळवावा, तो लेथवाल्याच्या हाती द्यावा आणि मगच त्याच्या मापाने बोअर करून घ्यावे. आधी बोअर केले आणि त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर सिलिंडर वाया जातो.

इंजिन फिरू लागले की गिअरबॉक्सचे तेल काढावे. ते ताकासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी आहे. एकदा स्वस्त तेल घालून, चाक फिरवून, ते काढून टाकावे आणि मग योग्य तेल भरावे.

पाचवा टप्पा : ऑइल सील

हा भाग कुणी दाखवत नाही, पण टू-स्ट्रोक गाडीचा जीव त्यात असतो. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँकच्या पेटीत ओढले जाते आणि मग वर ढकलले जाते. म्हणजे ती पेटी हवाबंद असावी लागते. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेल्या रबरी चकत्या, म्हणजे ऑइल सील, हे काम करतात.

वर्षानुवर्षे उभ्या गाडीत हे रबर वाळून कडक होते. मग फटीतून जास्तीची हवा आत येते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन चिकटतो. गिअरबॉक्सच्या बाजूचे सील गेले, तर तिकडचे तेल ओढले जाते आणि पांढरा धूर थांबता थांबत नाही.

शक्य असेल, तर पहिल्या किकेआधीच सील बदलून घ्यावेत. सीलची किंमत कमी असते, मजुरी जास्त. तरीही नव्या पिस्टनच्या खर्चापुढे ही मजुरी परवडते. तालुक्याच्या गावी राजदूतवर हात बसलेला एखादा जुना मिस्तरी असेल, तर हे काम त्याच्याकडेच द्यावे आणि शेजारी बसून पाहावे. तसे हात आता कमी होत चालले आहेत.

सहावा टप्पा : टाकी

झाकण उघडून वास घ्यावा. वार्निशसारखा आंबूस वास आला, तर आत जुने पेट्रोल आटून चिकट झाले आहे. ते नालीत किंवा विहिरीजवळ ओतू नये. डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

टाकी गाडीवरून उतरवावी आणि पेट्रोल कॉक काढून तिथे बूच लावावे. मूठभर बारीक नट किंवा चेनचा तुकडा आत टाकून टाकी हलवली, की सुटा गंज पडतो. मग गरम पाण्यात लिंबूसत्व, लिटरला साधारण ५० ते १०० ग्रॅम, विरघळवून टाकी काठोकाठ भरावी आणि दिवसभर ठेवावी. मध्ये मध्ये तपासत राहावे. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवले, तर आम्ल चांगला पत्राही खाऊ लागते.

पाणी काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आतून धुवावे, म्हणजे उरलेले आम्ल मरते. हे विसरले किंवा टाकी ओली ठेवली, तर दुसऱ्या दिवशी आत पुन्हा तांबूस थर चढतो. उन्हात कडक वाळवून लगेच थोडे टू-टी तेल आत फिरवावे.

एक सक्त ताकीद : टाकीला भोक असेल, तर घरी किंवा ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे तशीच वेल्ड करायला नेऊ नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि ती फुटते. हे काम टाक्या नेहमी दुरुस्त करणाऱ्यानेच करावे.

सातवा टप्पा : कार्बोरेटर आणि पेट्रोलची नळी

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा ठरल्या प्रमाणात मिसळणारा भाग. त्यात जेट नावाच्या बारीक भोकांच्या पितळी कळ्या असतात. आटलेल्या पेट्रोलचा डिंकासारखा थर त्या बुजवतो.

स्वच्छ ताटात एकेक भाग काढत जावा आणि फोटो घ्यावेत. कार्ब क्लीनरचा फवारा मारावा, थोडे थांबावे, मग हवा मारावी. जेटमध्ये तार किंवा टाचणी घालू नये. भोक किंचितही मोठे झाले, की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी सांभाळणारी तरंगती पेटी, कानाशी हलवून पाहावी. आत पेट्रोल खळखळले, तर तिला भोक आहे.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला फुगवते. म्हणून जुनी नळी, कॉकमधली वॉशर आणि कार्बोरेटरची गॅस्केट नवी घालावीत आणि नळीत छोटा फिल्टर बसवावा.

आठवा टप्पा : ठिणगी

प्लगला वीज पोहोचते ती पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल यांतून. पॉइंट म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे दोन छोटे धातूचे ठोकळे. त्यांवर पांढरट थर चढतो. बारीक पॉलिश पेपरने घासून कोऱ्या कागदाने पुसावे. ते पूर्ण उघडल्यावरचे अंतर साधारण ०.४ मिलिमीटर आणि प्लगचे अंतर साधारण ०.६ मिलिमीटर असावे. हे फिलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजावे. अंदाजाने करू नये.

प्लग कॅपमध्ये खोचून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा आणि चाकाने किंवा हलक्या किकेने इंजिन फिरवावे. निळसर, ठसठशीत ठिणगी हवी. पिवळी आणि मरगळलेली असेल, तर आधी कंडेन्सर बदलून पाहावा. ही चाचणी प्लगच्या उघड्या भोकापासून दूर आणि टाकी बसवण्याआधी करावी.

जुन्या गाड्यांची वीज ६ व्होल्टची असते. दुकानात मिळाला म्हणून १२ व्होल्टचा बल्ब लावला, तर तो मिणमिणतो आणि आपण वायरिंगमध्ये दोष शोधत बसतो.

नववा टप्पा : आधी थांबता आले पाहिजे

इंजिन सुरू होण्याआधी ब्रेक आणि टायर तयार हवेत. नक्षी शाबूत असली तरी बाजूला भेगा पडलेले टायर काढून टाकावेत, ट्यूब आणि रिमच्या पट्टीसह.

ब्रेकचा ड्रम उघडल्यावर आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. लायनर तेलकट किंवा तडकलेले असतील, तर नवे मारून घ्यावेत.

क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबली शक्यतो नव्याच घालाव्यात. ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर आपोआप मिटला पाहिजे. तो अडकत असेल, तर गाडी सुरू करू नये.

दहावा टप्पा : पहिली किक

टाकी बाजूला ठेवून एका छोट्या बाटलीतून, नळी लावून, ताजे पेट्रोल द्यावे. या इंजिनाला वेगळे तेल जात नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. सुरुवातीला लिटरला ४० मिलि टू-टी तेल घालावे, म्हणजे १ : २५ हे प्रमाण होते. बिनतेलाच्या पेट्रोलवर गाडी थोडी जरी चालली, तरी पिस्टन चिकटतो. शेजारचा माणूस मदतीच्या भरात साधे पेट्रोल ओततो, त्यावर लक्ष ठेवावे.

गाडी मोकळ्या जागी घ्यावी आणि जवळ वाळूची बादली ठेवावी. नवा प्लग, चोक लावलेला, आणि मग शांतपणे किक. सुरुवातीला भरपूर धूर येणारच, कारण आपण आत ओतलेले तेल जळत असते. काही मिनिटांत तो कमी व्हायला हवा.

ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन आपोआप चढू लागले, तर कुठून तरी हवा शिरते आहे. लगेच बंद करावे. चावीने बंद झाले नाही, तर ब्रेक दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, किंवा कार्बोरेटरचे तोंड जाड फडक्याने बंद करावे.

इंजिन गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासावेत.

अकरावा टप्पा : पहिल्या फेऱ्या

पहिली फेरी गल्लीतली, दुसरी गावाबाहेरची. धुळे-सोलापूर महामार्ग किंवा मांजरसुंब्याचा घाट इतक्यात नको. चढावर इंजिनावर सर्वांत जास्त ताण येतो आणि वाळलेले सील तिथेच दगा देतात. चालताना इंजिन अचानक जड झाले, तर त्याच क्षणी क्लच दाबावा. यामुळे चाक अडकून पडण्याचा धोका टळतो आणि पिस्टनही वाचू शकतो.

फेरीनंतर प्लग काढून रंग पाहावा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. पांढराफटक असेल, तर हवा जास्त किंवा पेट्रोल कमी आहे. तसेच पुढे चालवू नये. काळा आणि ओला असेल, तर पेट्रोल किंवा तेल जास्त जात आहे.

रंगरंगोटी शेवटी

गाडी चालू झाली की रंगाच्या दुकानाकडे पाय वळतात. थोडे थांबावे. मूळ रंग, टाकीवरची जुनी अक्षरे आणि कारखान्याचा पत्रा पुन्हा मिळत नाही. रबिंग कंपाउंडचा हलका हात आणि वर मेण, एवढ्यानेही मूळ रंग बराच उजळतो. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासला की निघतो. काढलेला कुठलाही मूळ भाग भंगारात घालू नये. चिठ्ठी लावून डब्यात ठेवावा. रंग बदलायचाच असेल, तर आरसी बुकात तशी नोंद लागते.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. कार्बोरेटर रिकामा राहतो आणि पुन्हा डिंक साचत नाही.

पैसे बेताचे असतील, तर खर्चाचा क्रम असा ठेवावा : टायर आणि ब्रेक, मग सील, मग टाकी-कार्बोरेटर, मग वीज, आणि सगळ्यात शेवटी रंग. बाहेरून चकचकीत आणि आतून वाळलेली गाडी पहिल्याच घाटात आपल्याला उभे करते. क्रमाने केलेले काम सावकाश होते, पण नवे भाग दुर्मीळ झालेल्या या गाडीसाठी तोच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.